सपाटीवर थांबणारी गाडी

जुन्नर तालुक्यात रेल्वे नाही. शेजारच्या आंबेगावातही नाही. निवडणूक आली की पाहणी करणारे येतात, बांधाबांधाने खुंट्या ठोकून जातात आणि पुढच्या नांगरटीपर्यंत त्या खुंट्यांना कुणाची तरी शेळी बांधलेली दिसते. अशा मुलखात ओतूरच्या यमाजी मेंढक्याच्या पोरीने आगगाडी चालवायची म्हणावं, यावर लोक हसले नसते तरच नवल. लोक पोटभर हसले. पुष्पाने ते मनावर घेतलं नाही, कारण तिने इंजिन अगदी जवळून पाहिलं होतं आणि हसणाऱ्यांतल्या निम्म्यांनी ते फक्त टीव्हीवर पाहिलं होतं.

ती तेव्हा लहान होती, घोडीवरच्या बिऱ्हाडात कोंबड्यांच्या डालग्याशेजारी बसायची तेवढी. नव्वदच्या आसपासची गोष्ट. दसरा झाला की यमाजी मेंढरं घेऊन माळशेजच्या घाटाने खाली उतरायचा, तो पाऊस तोंडावर आला की वर यायचा. त्या वर्षी कल्याणच्या अलीकडे एका रुळावरून कळप पार करताना पुढची मेंढी बुजली आणि रुळांतच उभी राहिली. एक थांबली की सगळी थांबतात, मेंढराची जातच तशी. तेवढ्यात वळणावरून मालगाडी आली. यमाजी ओरडत होता, त्याची बायको बानूबाई पदर खोचून कोकरं ओढत होती, आणि गाडी किंचाळत, ठिणग्या पाडत, कळपाच्या अलीकडे येऊन उभी राहिली. ड्रायव्हर खिडकीतून वाकला. आता शिव्यांचा पाऊस पडणार म्हणून यमाजीने मान खाली घातली. ड्रायव्हर म्हणाला, "कुणाचं पोरबाळ खाली हाय का बघा आधी." मग शेवटचं कोकरू पलीकडे जाईपर्यंत तो माणूस थांबला, आणि निघताना मेंढरं बुजू नयेत म्हणून शिट्टीसुद्धा त्याने हळूच वाजवली. पुष्पा घोडीवरून त्याच्या हाताकडे बघत होती. एवढं लांबलचक धूड त्या एका हाताचं ऐकतं, हे तिच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच.

पुढे बिऱ्हाड ओतूरच्या वरच्या अंगाला स्थिरावलं. यमाजीने मेंढरं सोडली नाहीत, पण पोरं शाळेत घातली. थोरला दादाभाऊ बारावीनंतर एसटी स्टँडसमोर गाळा घेऊन बसला. अर्ध्या गाळ्यात एसटीडी बूथ, अर्ध्यात कॉम्प्युटर क्लास. पुष्पाने आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड घेतला. वर्गात ती एकटीच मुलगी. मग रेल्वेच्या असिस्टंट ड्रायव्हरच्या जागा निघाल्या तेव्हा तिने अर्ज टाकला आणि लेखी परीक्षा पास झाली. त्या दिवशी हसणारे जरा गप्प झाले, आणि निरगुडसरहून सरूआत्या आली.

सरूआत्या म्हणजे यमाजीची धाकटी बहीण. तिने आपल्या सासरचं एक स्थळ आणलं होतं. मुलगा वाईट नव्हता. डेअरीवर कामाला होता, घरची थोडी बागायत होती, दारू-तंबाखू नव्हती. म्हणूनच तर पंचाईत होती. वाईट मुलाला नाही म्हणणं सोपं असतं. आत्याला लौकर उत्तर हवं होतं, आणि पुष्पाला मुंबईला रेल्वेच्या पुढच्या परीक्षेला जायचं होतं. तिथे यंत्रापुढे बसवून उमेदवाराचे हात, डोळे आणि सावधपणा तपासतात. यमाजी कशालाच नाही म्हणाला नव्हता आणि हो पण म्हणाला नव्हता.

दादाभाऊने बहिणीच्या सरावासाठी पुण्याहून एक सीडी आणली. आगगाडी चालवायचा सिम्युलेटर. काचेत समोर रूळ, खाली इंजिनाची काट्या-दिव्यांची पाटी, आणि कीबोर्डवरच्या बटणांनी गाडी चालवायची. सीडी नकल केलेली, त्यामुळे माहितीचं पुस्तक नाही. मार्ग कुठल्या तरी परमुलखातला, स्टेशनांची नावं जीभ वळणार नाही अशी. दादाभाऊने ती बदलूनच टाकली. पहिलं स्टेशन ओतूर, घाट उतरल्यावरचं लेण्याद्री, आणि शेवटचं निरगुडसर. सरकारला जमलं नाही ते त्याने एका दुपारी करून दाखवलं.

पुष्पाने ती गाडी अशी काही हातात घेतली की क्लासची पोरं आपलं टायपिंग सोडून मागे उभी राहायला लागली. अडचण एकच. लेण्याद्री सुटलं, सपाटीला गाडी लागली, की काही वेळाने आपोआप इमर्जन्सी ब्रेक लागायचा. हिने बटणाला हात लावलेला नसायचा. सिग्नल हिरवा असायचा. गाडी मात्र आचके देत उभी राहायची, आणि काचेवर इंग्रजीत मजकूर यायचा की इमर्जन्सी ब्रेक लागला, फेरी बाद.

"तुला निरगुडसरला नांदायला जायचं न्हाई ना," दादाभाऊ म्हणायचा, "म्हनून गाडीबी तिकडं जाईना झालीय."

पुष्पा हसायची, पण आतून तिला ते लागायचं.

बाजाराच्या दिवशी यमाजी गाळ्यात आला. घोंगडी मांडीवर घेऊन प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "दाव बरं, कशी हाकतीस ती."

पुष्पाने गाडी काढली. ओतूर सुटलं. घाटात तिने अशी नेली की यमाजीची मान आपसूक डोलायला लागली. उतारावर थोडा ब्रेक, मग सोडायचा, परत थोडा, वळणाला वेग कमी. लेण्याद्रीला फलाटाच्या बरोबर मधोमध उभी केली. मग सपाटी लागली आणि गाडी एका लयीत धावायला लागली. पुष्पाने दोन्ही हात मांडीवर ठेवले. हे तिला कुणी शिकवायला नको होतं. कळप नीट चालत असला की मेंढकी माणूस काठी खांद्यावर टाकतो, हाळी देत नाही, शीळ घालत नाही. उगाच डिवचलं की चालता कळप बिघडतो. यमाजीला ते बघून बरं वाटलं.

"झ्याक चाललीय," तो म्हणाला. "आता हात लावू नगंस."

आणि गाडी आचका देऊन थांबली.

"का गं थांबली?"

"ठाव न्हाई, आबा."

"म्होरं काय आडवं आलं का?"

"न्हाई."

"तू थांबवली?"

"न्हाई."

यमाजी काचेकडे बघत राहिला. मग शांतपणे बोलला, आणि तो रागाने बोलला असता तर पुष्पाला परवडलं असतं. "पोरी, माझी मेंढरं थांबली तर का थांबली ते मला कळतं. पानी हाय, बिबट्या हाय, का पायात काटा हाय. तुला कळंना. खऱ्या गाडीत मागं किती मानसं बसल्याली असत्यात. तुला ठाव नसताना मी कसा धाडू?"

"म्या शोधून काढते."

"काढ. म्होरल्या बाजाराला मी परत येतो. सरूलाबी तवाच सांगायचं हाय."

तो उठून गेला. पुष्पाच्या मनात खरी भीती होती ती वेगळीच. बाप पाठवणार नाही हे दुःख होतंच, पण बाप म्हणतो ते खरं असलं तर? आपल्या हाताखाली गाडी न सांगता थांबते आणि आपल्याला त्याचं कारण कळत नाही, तर आपण या कामाचे नसूच. तिने ठरवलं, कारण सापडलं नाही तर आबांनी नाही म्हणायची वाट बघायची नाही, आपणच नाही म्हणायचं.

दुसऱ्या दिवसापासून ती शोधाला लागली. आयटीआयमध्ये एक गोष्ट तिच्या अंगी लागली होती. बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर काय दुरुस्त केलं ते आपलं आपल्यालाच कळत नाही. आधी तिला वाटलं वेग जास्त होतोय. तिने गाडी बैलगाडीसारखी चालवली. थांबली. मग सिग्नल. प्रत्येक सिग्नल मोठ्याने बोलत गेली, हिरवा, हिरवा, हिरवा. थांबली. मग हवेचा दाब. ब्रेकच्या नळीतली हवा गळत असेल म्हणून ती काट्यावर डोळा ठेवून बसली. काटा शेवटपर्यंत जागचा हलला नाही, आणि हलला तो एकदम ब्रेक लागल्यावरच. म्हणजे गळती नव्हती, कुणीतरी ब्रेक लावत होतं.

"कीबोर्ड," दादाभाऊ म्हणाला. "बटन अडकत आसंल."

त्याने कीबोर्ड उलटा करून टेबलावर आपटला, तर आतून पिवळी धमक हळद पडली. खंडोबाचा भंडारा. दसऱ्याला बानूबाईने यंत्रांची पूजा केली होती, आणि देवाच्या बाबतीत ती हात आखडता घेणारी बाई नव्हे. दादाभाऊला चोर सापडल्याचा कोण आनंद झाला. त्याने एकेक बटण उपसून, ब्रशने झाडून, बनियनच्या चिंधीने पुसून परत बसवलं. बसवताना दोन बटणांची अदलाबदल केली ती वेगळीच. बानूबाई दारात उभी राहून सगळं बघत होती.

"देवाचं काय न्हाई व्हायचं त्यात," ती म्हणाली.

तिचंच खरं ठरलं. गाडी निघाली, घाट उतरली, लेण्याद्री गाठलं, आणि सपाटीवर थांबली. दादाभाऊने सीडी काढून परत टाकली, दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालवली, शेवटी हात टेकले. "गेमच खराब हाय, पुष्पे. सोड नाद. आबांना सांगू, सीडी डुप्लिकेट व्हती."

हे सांगता आलं असतं. यमाजीला त्यातलं काय कळणार होतं. पण पुष्पा म्हणाली, "खराब आसती तर घाटातबी थांबली आसती, दादा. घाटात कधीच थांबत न्हाई. जिथं मला कष्ट पडत्यात तिथं थांबत न्हाई, आन जिथं मी निवांत बसते तिथंच थांबती."

असं बोलून गेली, पण त्याचा अर्थ तिलाही अजून लागला नव्हता.

आत्याला उत्तर द्यायचा दिवस जवळ येत चालला. त्या सुमारास यमाजीची मेंढरं वस्तीखालच्या एका कांदा काढलेल्या रानात बसवलेली होती. मेंढरांभोवती जाळ्याचं कुंपण करतात, त्याला वाघर म्हणतात. उसातले बिबटे अंगणापर्यंत येऊ लागले होते, म्हणून वाघरीच्या एका अंगाला यमाजी आणि दुसऱ्या अंगाला त्याचा पुतण्या कुशाबा बसायचा. पुष्पा दिवेलागणीला दोघांच्या भाकरी घेऊन निघाली. कुशाबाचं गठुडं त्याला देऊन ती बांधाने बापाकडे चालली होती, तोच यमाजीची हाळी ऐकू आली.

"जागं हाय का रं?"

ही त्यांची पिढ्यांची रीत. एकाने थोड्या थोड्या वेळाने विचारायचं, दुसऱ्याने "हाय" म्हणायचं. पुष्पाने ती हाळी आईच्या कुशीत असल्यापासून ऐकलेली, इतकी की आता ती कानात शिरतच नसे. कुशाबाचं "हाय" आलं नाही. यमाजीने परत विचारलं. नाही आलं. आणि क्षणात यमाजी काठी उचलून वाघरीला वळसा घालत धावला, कुत्री भुंकत सुटली, मेंढरं उठून एकमेकांवर रेटायला लागली. पुष्पाही भाकरीची पाटी टाकून मागे पळाली.

कुशाबा धडधाकट बसला होता. गाल फुगलेले, हातात भाकरी.

"आवो जागाच व्हतो की, तात्या," तो घास गिळून म्हणाला. "तोंडात घास व्हता."

"ते मला कसं कळावं?" यमाजी धापा टाकत म्हणाला. "तू जागा हायेस का तुला बिबट्यानं उचलला, अंधारात मला कसं कळावं? तू बोलला न्हाईस तर मी समदं थांबवूनच येनार."

कुशाबा ओशाळला. यमाजी पाठ फिरवून गेला. पुष्पा तिथेच उभी राहिली, आणि मग एकटीच हसायला लागली. कुशाबाला वाटलं आपल्यालाच हसतेय.

सकाळी दादाभाऊने गाळ्याचं शटर उघडलं तेव्हा ती पायरीवर बसलेली होती. तिने गाडी काढली, सपाटीला आणली, हात मांडीवर ठेवले, आणि या वेळी रुळांकडे न बघता इंजिनाच्या पाटीकडे बघत बसली. थोड्या वेळाने कोपऱ्यातला एक बारकासा पिवळा दिवा लागला. मग लुकलुकायला लागला. मग ब्रेक. दुसऱ्या फेरीला दिवा लागताच तिने हॉर्नचं बटण दाबलं. दिवा विझला. गाडी चालत राहिली.

"आरं, ती इचारत व्हती, दादा," पुष्पा म्हणाली. "ड्रायव्हर जागा हाय का म्हनून इचारत व्हती. घाटात माझे हात सारखे चालत्यात, म्हनून तिला कळतं. सपाटीला मी उगी बसते, तर तिला वाटतं मानूस झोपला न्हाईतर मेला. मग ती आपली आपन थांबती."

"पन मग आवाज काढायचा ना तिनं," दादाभाऊ म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचा चेहरा पडला. स्पीकर त्यानेच काढून ठेवले होते. बूथमध्ये फोनवर बोलणाऱ्या गिऱ्हाइकांना शिट्ट्यांचा त्रास होतो म्हणून. त्याने ते माळ्यावरून काढून जोडले, आणि पुढच्या फेरीला दिव्याबरोबर असा काही भोंगा वाजला की बूथमधल्या माणसाच्या हातून रिसीव्हर सुटला. इतके दिवस ते यंत्र बिचारं ओरडून ओरडून विचारत होतं आणि आपण त्याचा गळा बांधून त्याच्यातली हळद काढत बसलो होतो, हे दादाभाऊला कबूल करावं लागलं. ते त्याने चहा पाजून केलं.

बाजाराच्या दिवशी यमाजी परत येऊन त्याच खुर्चीवर बसला. घाट झाला, लेण्याद्री झालं, सपाटी लागली. पुष्पा एका बोटाने मधूनमधून एक बटण दाबत होती. यमाजीला ते खटकलं.

"चांगली चाललीय न्हवं? मग कशापायी टोचतीस? हात लावू नगंस म्हनलो व्हतो."

"आबा, ही दिवसा कळप चालवायची रीत न्हाई. ही वाघरीवरची रीत हाय. ती इचारती जागं हाय का, आन मी हाय म्हनते. न्हाई म्हनलं तर ती समदं थांबवती. तुमी कुशाबावर धावला तशी."

यमाजीने खुर्ची पुढे ओढली. तो त्या पिवळ्या दिव्याकडे बघायला लागला. दिवा लागला की त्याची नजर पोरीच्या बोटाकडे जायची, आणि बोट हललं की परत दिव्याकडे. पुढे पुढे तर दिवा लागला की यमाजीचे ओठच हलायला लागले. दादाभाऊने ते पाहिलं आणि बहिणीला दाखवलं नाही.

गाडी शेवटच्या फलाटाला लागली. थांबली ती पुष्पाने थांबवली म्हणून.

"हे कंचं ठेसन?" यमाजीने विचारलं.

"निरगुडसर," दादाभाऊ म्हणाला.

यमाजी उठला, घोंगडी झटकून खांद्यावर टाकली आणि बूथमध्ये गेला. "लाव फोन सरूला." दादाभाऊने लावला. यमाजीला फोनवर हळू बोलता येत नसे, त्यामुळे पुढचं वाक्य निम्म्या एसटी स्टँडाने ऐकलं. "सरू, गाडी आली बघ निरगुडसरला. पन पोरगी न्हाई यायची. ती म्हमईला चाललीय, मी संगं जानार हाय." पलीकडून बरंच काही बोललं गेलं असावं. यमाजीने ते ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पोरगा चांगलाच हाय गं. पोरगीबी चांगलीच हाय." आणि फोन ठेवून दिला. पुष्पा मॉनिटरकडे तोंड करून बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

ती परीक्षा पास झाली. पुढे ट्रेनिंग झालं आणि नोकरी लागली भुसावळकडे, सपाटीच्या मुलखात. खऱ्या इंजिनातही ते बटण आणि तो दिवा होताच. पुष्पा त्याला "हाय" म्हणायला कधी विसरली नाही.

घरात मोबाइल आला तसा यमाजीने तो आपल्याकडे घेतला. बोलणं त्याला जमत नसे. कुठे बोलायचं, कुठे ऐकायचं, हा घोळ. पण दादाभाऊने त्याला मिस्ड कॉल शिकवला आणि तो त्याला असा जमला की बस. रोज दिवेलागणीला, मेंढरं कुठेही असोत, तो वाघरीशी बसून पुष्पाला एक रिंग द्यायचा आणि कापायचा. गाडी लावून, सही करून ती विश्रांतीच्या खोलीवर आली की तिची एक रिंग उलट यायची. कधी लगेच, कधी उशिराने. बोलणं काहीच नाही.

एका संध्याकाळी नेहमीपेक्षा बराच उशीर झाला तरी तिची रिंग आली नाही. यमाजीने परत दिली. नाही. तिसऱ्यांदा दिली. मग त्याने कुशाबाला मेंढरांवर बसवलं आणि काठी घेऊन थेट दादाभाऊच्या गाळ्यावर आला. गाडी कुठे आहे ते विचार म्हणाला. दादाभाऊ कुणाकुणाला फोन लावत होता आणि यमाजी उभ्याने काठी आपटत होता. बानूबाई शटरला टेकून देवाचं नाव घेत होती. शेवटी यमाजीच्या खिशातला मोबाइल वाजला, आणि या वेळी एकदा वाजून थांबला नाही. दादाभाऊने तो घेऊन त्याच्या कानाला धरला.

"आबा, काय झालं? एवढे कॉल? पुढं मालगाडी बंद पडली व्हती, लई येळ सिग्नलला उभे व्हतो. ड्युटीवर फोनला हात लावता येत न्हाई. मी जागीच व्हते की."

यमाजी खाली बसला. काठी त्याने बाजूला ठेवली. मग मोठ्याने, सगळ्या स्टँडाला ऐकू जाईल असं, तो पोरीला म्हणाला, "ते मला कसं कळावं?"